किटबॅगेतले तांदूळ

११ मार्च. त्या दिवशी काम एकच होतं. भिवंडीहून परत आलेल्या किटबॅगा उघडायच्या, झटकायच्या, पुन्हा घडी घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या टेम्पोत भरायच्या. तीनेकशे बॅगा होत्या. झटकायला एका बॅगेला मिनिटसुद्धा लागत नाही आणि आम्ही आठ बायका. चहापर्यंत उरकायला हवं होतं. उरकलं नाही, कारण माझी थोरली जाऊ त्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "यातली एक पन उलटी करायची नाय."

आमची शेड शहापूर तालुक्यात, शेणवे गावाच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. पूर्वी तिथे मी ब्रॉयलर कोंबड्या पाळत होते. तो धंदा बसला तेव्हा जाळ्या काढल्या, जमीन घासून घेतली, जुन्या मशिनी आणल्या आणि शिवणकाम सुरू केलं. पावसाळ्यात कोपऱ्यातून अजून कोंबड्यांचा वास येतो. येऊ दे. पाऊस संपला की जातो.

सुरुवातीला आम्ही पांढऱ्या कापडी पिशव्या शिवायचो. त्यांच्यावर परदेशातल्या दुकानांची नावं छापलेली असायची. भिवंडीचा एक शेठ बेतायचं कापड पाठवायचा, शिवलेला माल घेऊन जायचा. काम हलकं, मशीन पळायची, बायका गाणी म्हणत शिवायच्या. मग ती लढाई लागली.

लढाई आमच्यापासून फार लांब, समुद्रापलीकडे होती. पहिले काही महिने ती फक्त टीव्हीवर होती आणि आम्हाला वाटलं, संपेल. ती संपेना. गोडं तेल चढलं. सिलिंडर सांगितल्यावर कधी येईल याचा भरवसा राहिला नाही, तेव्हा बायकांनी पुन्हा चुली सारवल्या. भाताच्या हंगामात युरियासाठी शहापूरला सकाळपासून उभं राहावं लागलं आणि तरी अर्धीच गोणी मिळाली. मुरबाडला कारखान्यात जाणाऱ्यांच्या पाळ्या कमी झाल्या. एवढं सगळं होऊनही मी म्हणत होते की आपल्या शेडचा त्याच्याशी काय संबंध. मग जहाजं लांबच्या वाटेने जायला लागली, माल पाठवणं परवडेना, आणि शेठचा फोन आला.

"मॅडम, पांढरं बंद."

"कधीपर्यंत?"

"ते लढणाऱ्यांना विचारा. माझ्याकडे आता हिरवं आहे. जाड कपडा, फौजी किटबॅग. तुमच्या मशिनीला झेपेल ना?"

"झेपेल. पण कोणाचं लष्कर?"

"मॅडम, माझ्या वर एक शेठ आहे, त्याच्या वर अजून एक. मी वर बघतच नाही. मान दुखते."

बायकांना मी जसं होतं तसं सांगितलं. लष्कराच्या बॅगा आहेत, कुठल्या देशाच्या ते ठाऊक नाही, करायच्या का? लढाईने एक काम नेलं होतं आणि तीच दुसरं देत होती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. शेवटी थोरली जाऊ म्हणाली, "कुनाच्या का पोराच्या पाठीवर जाईना. पट्टा तुटायला नको, येवढं बघू." तिच्या शब्दाला वजन होतं, कारण तिचा स्वतःचा मुलगा फौजेत होता. आम्ही जाड सुया आणल्या आणि कामाला लागलो.

माझ्या जावेबद्दल थोडं सांगते. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला तिनेच शिकवलं आणि शिकवताना टोमणेही तिनेच मारले. तिला मशीन येत नाही. शेडमध्ये शेवटचा हात तिचा: दोऱ्यांची टोकं कापायची, तोंडाशी नाडी ओवायची, बॅग चेपून घडी करायची आणि गठ्ठा बांधायचा. तिच्या मांडीशी एक फिरकीच्या झाकणाची ॲल्युमिनियमची डबी असायची. घडी घालण्याआधी ती डबीतून चिमूट घ्यायची. मला वाटायचं, मिश्री आहे. या वयात कुणाची मिश्री सोडवायला मी जात नाही, म्हणून मी कधी विचारलं नाही.

तिच्या मुलाची तुकडी शांतिसेनेत गेली होती, त्याच लढाईच्या काठावर. जाण्याआधी त्याने मला ते काम समजावलं होतं.

"लढायचं नाय काकी. दोन रेडे झुंजतात तेव्हा मधी कुनी काठी आडवी धरून उभा राहतो का नाय, तसं."

"असा मानूस पहिला तुडवला जातो," मी म्हटलं.

तो हसला. "ते आईला नको सांगू."

मी सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती, तिने रेडे माझ्याहून जास्त पाहिले आहेत. निघताना तिने त्याच्या बॅगेच्या तळाशी फडक्यात बांधून मूठभर तांदूळ ठेवले. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, नवी पिशवी कुणाला रिकामी देत नाहीत. दोन दाणे का होईना, घालतात. त्यात विशेष काही नाही. मीसुद्धा शेजारणीचं पातेलं देताना साखरेची चिमूट टाकते, हात आपोआप जातो.

तो दिवाळीनंतर येणार होता. त्यांच्या जागी दुसरी तुकडी जायची, मग हे परत यायचे, अशी रीत. पण लढाई वाढली, विमानं बंद झाली आणि बदली पुढे गेली. दिवाळीची संक्रांत झाली, संक्रांतीचा शिमगा. शिमगाही झाला. फोन कधी आठवड्याने यायचा, कधी पंधरवड्याने. एकदा आम्ही जेवायला बसलो असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे वाळूच्या पोत्यांची भिंत दिसत होती. त्याचे गाल बसले होते. जाऊ फोन तोंडाजवळ धरून बोलत होती, त्यामुळे त्याला तिचं फक्त कपाळ दिसत असणार.

"आई, ते तांदूळ संपले गो."

"संपले म्हंजे? शिजवलेस?"

"नाय, चघळले. दोन दिवस खाली बसून होतो, वर धडाधड चालू. काय करायला नाय. बॅगेत हात घातला तं फडकं लागलं. एकेक दाना चघळत होतो. घरच्या कनगीचा वास येत होता."

मी समोरचं ताक उचलून प्यायले. पण जावेचा चेहरा वेगळ्याच कारणाने उतरला.

"मंग आता बॅग रिकामी?"

"बॅग रिकामी, पन पोट भरलंय ना."

"पोट हागून रिकामं होतं रं. बॅगेत काय तरी टाक. कायपन टाक, पन धान्य टाक."

"आई, इथं धान्य ठेवलं का उंदीर येतात. मांजराएवढे हायत," तो म्हणाला आणि कॉल तुटला.

तिच्या त्या डबीत मिश्री नाही, तांदूळ आहेत, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मला मालाची घाई होती.

आता दुसरी बाई. आमच्याकडे कापड बेतून कापणारी बाई मुरबाडपुढच्या वैशाखरे गावची आहे. तिच्या नवऱ्याची मुरबाडची पाळी गेली तेव्हापासून ती आठवडाभर आमच्या गावात बहिणीकडे राहते आणि शनिवारी घरी जाते. हात कात्रीसारखा, जीभही तशीच. तिचाही मुलगा फौजेत, वेगळ्या पलटणीत. हिवाळ्यात एकदा डबे सोडून बसलो असताना दोघी पोरांबद्दल बोलत होत्या. बेतणारी म्हणाली की तिच्या पोराची पलटण शांतिसेनेत जाणार आहे, कागद झालेत, फक्त विमानं सुरू व्हायची आहेत. जावेने देशाचं नाव विचारलं. मग ठिकाण विचारलं. मग दोघींचे हात डब्यावर थांबले.

"म्हंजे तुमचा यायला माझा जायला पायजे," बेतणारी म्हणाली.

जावेने आपल्या डब्यातलं सुकटीचं कालवण तिच्या भाकरीवर वाढलं.

त्यानंतर दोघी त्या विषयावर एकदाही बोलल्या नाहीत. पण मी त्यांच्या मधोमध मशीनवर बसत होते, मला दिसायचं. बदली पुढे गेल्याचं कळलं की बेतणारीची कात्री सैल चालायची, ती दुसऱ्यांची थट्टा करायची, आणि जाऊ नाडी ओवताना भोक चुकायची. विमानं सुरू होणार अशी आवई उठली की उलटं. दोघी एकमेकींशी फार चांगलं वागायच्या. इतकं चांगलं की मला भांडण झालेलं परवडलं असतं.

मग १० तारखेला शेठचा फोन.

"मॅडम, बॅगेत चावल कोण टाकतं? मी किराणा मागवला होता का?"

मला काही कळेना.

"सगळ्या लॉटमध्ये आहे. गोदामात सोंडे झाले, मग उंदीर आले. सहा-सात बॅगा कुरतडल्या. वरून माणूस तपासायला आला होता, त्याने बॅगेत हात घातला आणि किडा घेऊन बाहेर आला. माझी काय इज्जत राहिली? सगळा माल परत पाठवतोय. परवा साफ होऊन आला तर घेईन, नाहीतर दुसरीकडे काम देतो. एक दाणा दिसला तर हिरवं पण बंद."

मी फोन ठेवला आणि सरळ जावेच्या डबीचं झाकण फिरवलं. आत तांदूळ. आमच्याच शेतातले, लालसर.

"जाऊबाई, हे काय?"

"तांदूळ."

"ते दिसतंय. बॅगेत कशाला?"

"रिकामी कशी देऊ?" ती म्हणाली. मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं, अशा आवाजात. "पोरं लढाईला घेऊन जानार त्या."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या ११ तारखेला, सकाळीच टेम्पोने गठ्ठे आणून टाकले आणि ती त्यांच्यावर बसली. बाहेर राब भाजायचे दिवस, शेताशेतात पालापाचोळा जळत होता, सगळीकडे धूर. आतही थोडा येत होता. मी तिला सगळं समजावलं. सोंडे, उंदीर, शेठ, आठ घरांचं काम. ती ऐकत होती.

"काम साफ करायला माझी ना नाय. पन दिलेला शकून काढून घेतात का? माझा तिकडं हाय धाकटे. अजून आला नाय तो."

आता मला कळलं की हे तीनशे बॅगांचं नाही. तिच्या मनात त्या प्रत्येक बॅगेत त्याचाच एक हिस्सा होता, आणि त्याची स्वतःची बॅग तर आधीच रिकामी झाली होती. अशा वेळी शास्त्र सांगून उपयोग नसतो, म्हणून मी तिच्याच रस्त्याने गेले.

"हे बघा, बॅगा गेल्या आणि परत आल्या का नाय? गेल्या तशा भरलेल्या आल्या. यापेक्षा चांगला शकून काय पायजे?"

"नापास होऊन आल्या त्या," ती म्हणाली.

बायका हसल्या. मीही हसले, पण ती उठली नाही. मग बेतणारी पुढे आली. हातात कात्री तशीच होती.

"तुमच्या शकुनापायी आमची चूल विझंल जाऊबाय. मला घरी एकच हात हाय कमावता, हा." तिने आपला हात पुढे केला.

"मला काय कळत नाय?"

"कळतं तं उठा. नायतर एक सांगा. माझा पोरगा जाईल तवा अशीच हिरवी बॅग त्याच्या पाठीवर असंल. त्यात सोंडे झाले, उंदरानं बॅग कुरतडली, आन कपडे भिजले तिकडच्या थंडीत, तं तुमचे तांदूळ त्याला पांघरून देनार हायत?"

"माझा पोरगा जाईल तवा" हे शब्द तिने हिवाळ्यानंतर पहिल्यांदा उच्चारले होते.

जाऊ ढिगावरून खाली सरकली आणि म्हणाली, "उलटी करून झटकायची नाय. उलटं भांडं दारात ठेवत नाय आपन, तसं हे. हातानं काढायचे. एकेक. आन काढताना बोलायचं."

"काय बोलायचं?"

"'ये' बोलायचं. जा बोलायचं नाय."

बेतणारीने कात्री खाली ठेवली, तिच्या शेजारी बसली, एक बॅग ओढली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "ये रे बाबा," ती आतल्या दाण्यांना म्हणाली, "भायेर ये, लय उपकार केलेस."

मी वेळेचा हिशेब केला आणि सोडून दिला. वाद घालण्यात त्याहून जास्त वेळ गेला असता. आम्ही आठही जणी सतरंजीवर बसलो, मध्ये सूप ठेवलं, आणि लांबच लांब बॅगांत हात घालून तळाच्या शिवणीतून दाणे वेचायला लागलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आठ बायका आठ वासरांची सुटका करतायत. हे एकीने म्हटलंही आणि मग बराच वेळ तेच चाललं.

"माझं वासरू आडवं आलंय गो."

"तेल लाव हाताला."

"ये, ये, घाबरू नको."

जाऊसुद्धा हसत होती, डोळे पुसत होती आणि बोलणाऱ्यांना शिव्या घालत होती. हाताला कापडाचा उग्र वास लागला. दाणे तळाच्या गोल शिवणीत बसले होते, नखाने काढावे लागत होते. झटकून ते निघालेच नसते, हे मला दहाव्या बॅगेला कळलं. पुढे एका बॅगेत माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. तुटलेल्या सुईचं टोक होतं, जाड सुईचं, तळाच्या शिवणीत अडकलेलं. मशीनवर सुई मोडली की तुकडा शोधायचा, हा माझा नियम. हा कुणीतरी शोधला नव्हता. मी तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

"ही कुनाच्या मशीनची?"

सगळ्या आपापल्या बॅगेचा तळ पुन्हा चाचपायला लागल्या.

"कुनाच्या पोराच्या बोटात गेली असती," जाऊ म्हणाली. एवढंच. हाताने काढायचं म्हटलं म्हणून सापडली, असं काही ती बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर नक्की बोलले असते.

दुपारी जेवलो आणि पुन्हा बसलो. उन्हं कलली तेव्हा पन्नासेक बॅगा उरल्या होत्या आणि सूप अर्ध्याच्या वर भरलं होतं. तेव्हा बेतणारीचा फोन वाजला. तिचा हात बॅगेत होता. शेजारच्या बाईने फोन तिच्या कानाला लावला.

"बोल रे… हां… कवा?… परवा? परवा काय?… घरी कवा पोचतोस?… हां. हां. मी निगते."

तिने बॅगेतून हात काढला. मुठीत दाणे होते. ती मूठ उघडायला विसरली.

"परवाच्याला हजर व्हायचंय त्याला," ती म्हणाली. "विमानं सुरू झाली. एक रात घरी येतोय, उद्या दुपारी निगनार."

मी जावेकडे बघितलं नाही. बघवलं नाही. ज्या बातमीसाठी ती दिवाळीपासून नवस बोलत होती, ती बातमी दुसऱ्या बाईच्या तोंडून, अशी आली होती. मला वाटलं, आता ती देवाला हात जोडेल. त्यात काही चूकही नव्हतं.

तिने बेतणारीच्या मांडीवरची बॅग आपल्याकडे ओढून घेतली. "तू ऊठ. साडेपाचची गाडी चुकंल. पोराला आवडतं ते घरात हाय का?"

"आंबोळ्या आवडतात त्याला. पीठ नाय."

"मंग वाटेत सरळगावला घे. जा… ये. ये गो."

बेतणारी उठली. मुठीतले दाणे तिने सुपात टाकले, पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन थांबली. पाठमोरीच म्हणाली, "तुमचा येईल आता जाऊबाय." आणि गेली. मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत ती माझ्याशी फक्त कापडाच्या एका गठ्ठ्याबद्दल बोलली, त्याचा काठ तिरका आहे, बेतताना जपून घे म्हणाली.

परत आले तेव्हा बाकीच्या बायका घरी निघाल्या होत्या. उरलेल्या बॅगा जाऊ आणि मी काढल्या. ती प्रत्येक बॅगेला फक्त "ये" म्हणत होती. शेवटची बॅग झाल्यावर तिच्या मुलाचा फोन आला. आवाज फुटत होता, पण आनंद ऐकू येत होता.

"आई, ठरलं बघ! बदली येतेय. म्हैनाभरात घरी."

"माहीत हाय."

"तुला कुनी सांगितलं? आमाला आत्ता कळलं!"

"ज्याची येतेय त्याच्या आयशीनं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तो आला का त्याला उंदीर कुटं असतात ते दाखव. आन खाली कुटं बसायचं ते पन. नीट दाखव. तुला दाखवायला कुनी नवतं."

फोन ठेवल्यावर तिने सूप उजेडाच्या बाजूला ओढलं आणि तांदूळ निवडायला बसली. सोंडे एका बाजूला, कणी एका बाजूला. मी म्हटलं, घरच्या दोन-चार कोंबड्यांना टाकून देऊ. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चांगले, अख्खे दाणे तिने पदरात घेतले, परत एकदा बघितले, आणि आपली डबी रिकामी करून तिच्यात भरले. झाकण फिरवून घट्ट केलं. माझ्याकडे दिलं.

"हे त्याला. वैशाखऱ्याच्याला. यातनं उंदीर घुसत नाय, मी बघितलंय."

"उद्या टेम्पो आहे जाऊबाई. माल भरायचाय."

"टेम्पो दुपारी हाय. सकाळी काय करतेस?"

सकाळी मला पन्नास कामं असतात. ती तिला सगळी माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पहिली गाडी धरून किन्हवलीवरून सरळगावला गेले, तिथून माळशेजकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि वैशाखऱ्याला उतरले. घर विचारावं लागलं नाही, आंबोळ्यांचा वास येत होता. मुलगा ओट्यावर बुटांना पॉलिश करत होता. उंच, कान जरा पुढे आलेले, आईसारखे. मी त्याला डबी दिली आणि झाकण कसं फिरवायचं ते दाखवलं. उन्हात ठेवत जा म्हटलं. चघळायचे असतील तर चघळ, पण सगळे संपवू नकोस, तळाला थोडे राहू दे. तो "हो काकी" म्हणाला आणि का ते त्याने विचारलं नाही. बेतणारी चुलीपाशी होती, हात पिठाचे.

"त्या काय बोलल्या?" तिने आतून विचारलं.

"'ये' म्हनून सांगितलंय त्याला."

ती पुन्हा तव्याकडे वळली. माझ्या पुढ्यात तिने दोन आंबोळ्या ठेवल्या आणि मी त्या खाल्ल्या, कारण सकाळपासून चहाशिवाय काही पोटात नव्हतं. खाताना ओट्यावरच्या त्याच्या बॅगेकडे लक्ष गेलं. आमच्या शेडची नव्हती, जुनी होती, पण घडण तीच. मी हात पुसून तिचे पट्टे ओढून बघितले. डाव्या पट्ट्याचा टाका खालून सुटत आला होता. माझ्या पर्समध्ये जाड सुई आणि मेण लावलेला दोरा असतोच. मी पट्टा दुमडून घेतला, दुहेरी टाका घातला, वर शिलाईचा चौकोन मारला आणि त्याला बॅग पाठीवर घेऊन दोन-तीन उड्या मारायला लावल्या. टाका बसला होता. मग मोडलं नाही ना, म्हणून सुईचं टोक बघितलं, सुई पर्समध्ये ठेवली आणि परतीची जीप धरली. दुपारच्या टेम्पोच्या आत मला शेडवर पोचायचं होतं.